तंबू उजेडात लागला पाहिजे

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात: मुलांना घेऊन गाडीने जायचं, तंबूत राहायचं, वाटेत चार गोष्टी बघायच्या, तर कुठे आणि कसं? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं लांबलचक होती, ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघं, मुलं सहा आणि दहा वर्षांची. डिसेंबरात शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून रविवारी रात्री परत यायचंय. भंडारदरा, त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि जमलं तर सापुतारा असा बेत आहे. दोन रात्री दोन वेगळ्या ठिकाणी तंबू. वाटेत कुठे कुठे थांबावं? (डोंबिवली)

चारातली तीन नावं खोडा आणि भंडारदरा ठेवा. शुक्रवारची संध्याकाळही खोडा. त्या वेळी भिवंडी बायपासला ट्रकांच्या रांगेत अडकलात की पोहोचायला रात्रीचे अकरा वाजणार, आणि मग एकाने मोबाइलचा टॉर्च धरायचा, दुसऱ्याने खुंट्या शोधायच्या, मुलं भुकेने रडकुंडीला आलेली. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाचच्या आत तंबू उभा राहिला पाहिजे. ही वेळ पक्की धरा आणि बाकीचा दिवस तिथून उलटा मोजत या.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघा आणि सोमवारची रजा टाका, म्हणजे दोन रात्री मिळतील. दोन्ही एकाच जागी काढा. तंबू काढून पुन्हा लावण्यात अख्खी सकाळ जाते आणि मुलांना त्यात काडीची गंमत वाटत नाही. जाताना कसारा घाटाने जा. आसनगावच्या आसपास नाश्ता, उजेडात घाट, इगतपुरीला उंटदरीपाशी पाय मोकळे करायला अर्धा तास. घोटीला हायवे सोडून आत वळलात की बारी गावापाशी कळसूबाई समोर उभी राहते. 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. चढायला जाऊ नका, सहा वर्षांच्या मुलाला ते झेपायचं नाही. रस्त्याकडेला चहा घेत शिखरावरचं देऊळ दिसतंय का ते शोधायला लावा.

थांबे एवढेच, तीन. गाडीत बसलेल्या मुलाला दीड तासाने उतरावंसं वाटतं, त्या हिशेबाने ते पुरतात.

रविवार भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीच्या फेरीसाठी. धरणाशेजारच्या शेंडी गावाहून निघून रतनवाडी, साम्रद, घाटघर करत परत शेंडी. अंतर फार नाही, पण रस्ता अरुंद आणि बघण्यासारखं पुष्कळ, म्हणून अख्खा दिवस द्या. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारकालीन. शेजारची पुष्करिणी मुलांना देवळाइतकीच आवडते. साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत जा, आत खोलवर नको. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं. तिथला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प मुलांना समजावून सांगा: विजेची गरज असते तेव्हा वरच्या धरणाचं पाणी खाली सोडून वीज करायची, आणि मागणी कमी असताना तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. दहा वर्षांच्या मुलाला हे शाळेपेक्षा तिथे पटकन कळतं. कड्याच्या काठाशी मात्र धाकट्याचा हात सोडू नका.

एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवतो. 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाखालचा छत्रीसारखा धबधबा तुम्ही फोटोत पाहिला असेल. तो पावसाळ्यातला, किंवा धरणातून पाणी सोडतात तेव्हाचा. रंधा धबधबाही डिसेंबरात रोडावलेला असतो. फोटो ऑगस्टचा आणि सहल डिसेंबरची, अशी गल्लत फार जणांची होते.

येताना इगतपुरीहून समृद्धी महामार्ग धरा. भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. बघण्यासारखं म्हणाल तर जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, बाकी सरळसोट. पण सोमवारी दुपारी, मागे दोघंही झोपलेले असताना, तसलाच रस्ता हवा असतो.

प्रश्न : तंबू विकत घ्यावा की भाड्याने? ‘चार जणांचा’ तंबू आम्हा चौघांना पुरेल का? (बोरिवली)

पहिल्या खेपेला भाड्याचाच. मुलांना रात्री बाहेर झोप लागते का, तुम्हाला लागते का, हे आधी कळू द्या. ‘चार जणांचा’ म्हणजे चार माणसं खेटून, सामान बाहेर. विकत घ्यायचाच झाला तर चौघांना सहाचा घ्या, आणि वरचं आच्छादन वेगळं असलेला, म्हणजे दुहेरी कापडाचा. आधी इमारतीच्या गच्चीवर एकदा उभारून बघा. कुठली काठी कुठल्या खोबणीत जाते हे तिथे कळलेलं बरं.

पाण्याकाठी थंडीत तंबू लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे तो गळतो. पहाटे आतल्या कापडाला हात लावला तर ओला लागतो, उशीवर थेंब पडतात. हे पाणी तुमच्याच श्वासाचं. चौघं रात्रभर बंद जागेत श्वास सोडतात आणि ती वाफ गार कापडाला लागून थिजते. थंडी वाजते म्हणून आपण झडपा बंद करतो आणि आणखी भिजतो. वरच्या दोन्ही झडपा उघड्या ठेवा. थंडीचा बंदोबस्त खालून करा: आधी प्लॅस्टिकचं ताडपत्रीवजा कापड, त्यावर फोमची चटई, त्यावर घरची सतरंजी. अंगावर दोन ब्लँकेटं घेऊन खाली नुसती चादर अंथरणारा माणूस रात्रभर कुडकुडतो, कारण अंगातली ऊब जमीन ओढून घेते.

प्रश्न : आम्हाला दिवेआगरच्या वाळूवरच तंबू लावायचाय, तोही पौर्णिमेच्या रात्री. भरतीचा अंदाज कसा घ्यायचा? (दादर)

हौस उत्तम, रात्र मात्र नेमकी वाईट निवडलीत.

कोकणातला जुना हिशेब माहीत करून घ्या. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ साधारण मिळते. पंचमी असेल तर पाचाचे तीन चतुर्थांश, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात थोडी पुढेच, बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा हीच वेळ, आणि मध्ये सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास पाणी बेताचं चढतं, त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण.

आता तुमची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. पौर्णिमेला सहाच्या सुमारास पोहोचलात. त्या वेळी पूर्ण ओहोटी, आणि उधाणाच्या दिवसांतली म्हणून पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे गेलेलं. पुळण मैदानासारखी रुंद दिसते. तुम्ही खुशीत लाटांपासून चांगलं लांब तंबू ठोकता, जेवता, झोपता. मध्यरात्री महिन्यातली मोठी भरती नेमकी त्या जागी येते. मुंबईकरांच्या चपला आणि कूलर बॉक्स वाहून जातात ते अशाच रात्री.

वाळूवर सुकलेलं शेवाळ, शिंपले आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांची एक रेघ दिसेल. पाणी तिथवर येतं. तंबू तिच्याही वर, सुरूच्या झाडांकडे, आणि तोही गावात विचारून, परवानगी असेल तरच. त्यापेक्षा माझं ऐकाल तर एखाद्या घरगुती खानावळीच्या वाडीत जागा मागा. पाणी, संडास, सकाळचे घावन, सगळं हाताशी. फक्त नारळाखाली तंबू लावू नका, सुपारीच्या बाजूला सरका. गाडी वाळूवर उतरवणं तर सोडूनच द्या. रुतलेल्या गाडीला ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही.

रस्ता म्हणाल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरा, सुमारे तासाभराचा प्रवास आहे. पुढे अलिबाग, काशीद, मुरूड. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, आणि मध्येच नारळी-पोफळीतून जाणारा रस्ता. मग आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी घालून दिघीला. मुलं या दोन बोटींसाठीच सहल लक्षात ठेवतील. सुट्टीच्या दिवशी रो-रोचं तिकीट आधीच काढून ठेवा.

प्रश्न : सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण यायचं म्हणतात. न्यावं का? (गिरगाव)

जरूर न्या, पण तंबूत झोपवू नका. जमिनीवरून उठणं, वाकून बाहेर पडणं, रात्री दोनदा अंधारात संडास शोधणं हे त्यांना जमणार नाही, आणि त्या तसं बोलणारही नाहीत. जिथे पक्की खोली आणि अंगणात तंबूला जागा दोन्ही आहे तेच ठिकाण निवडा. भंडारदऱ्याला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, शेंडीत घरगुती सोयही होते. आजी खोलीत, नातवंडं तंबूत. रात्री दोनला नातवंडंही आजीकडेच येतात, हा भाग वेगळा.

जागा ठरवताना संडास व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. कमोड आहे का, कडी लागते का, रात्री दिवा असतो का, तिथवर पायऱ्या किती. घरातल्या बायकांची सहल बहुतेक याच एका गोष्टीवर ठरते आणि आयोजक नवरोबा नेमकं हेच विचारायचं विसरतात.

प्रश्न : पवना धरणाच्या काठी सगळे जातात. तिथे जावं का? (मुलुंड)

शनिवारी नको. मधल्या वारी जा, तुंग आणि तिकोना किल्ल्यांच्या सावलीतलं ते पाणी खरंच देखणं आहे. शनिवार-रविवारी एका तंबूशेजारी दुसरा आणि प्रत्येकाचा वेगळा स्पीकर. बुकिंगच्या फोनवर ‘डीजे असतो का?’ असं सरळ विचारा. ‘दहापर्यंतच असतो’ असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी कायद्यानेच आहे, त्यात त्यांनी वेगळं काही दिलेलं नाही. आणि कुठल्याही धरणाच्या पाण्यात मुलांना उतरवू नका. काठ एकदम खोल जातो, तळाला गाळ असतो, पोहणाऱ्यालाही पाय रोवता येत नाही.

प्रश्न : सापांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी? (ठाणे)

भीती असू द्या, तिचा उपयोग करून घ्या. आपल्याकडे नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार या चौघांपासून जपायचं. तंबूच्या दृष्टीने मण्यार महत्त्वाची. ती रात्री फिरते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा मुंगी चावल्यासारखा वाटून माणूस पुन्हा झोपतो. म्हणून तंबूची चेन रात्रभर पूर्ण बंद, वारा जाळीच्या झडपेतून. खाण्याचं सांडलवंड आत नको, त्याने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घाला, विंचवासाठीही. अंधारात विजेरीशिवाय एक पाऊल नाही. दगडांच्या ढिगाजवळ, गवताच्या गंजीपाशी तंबू नको.

दंश झालाच, किंवा पहाटे कुणाच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, विनाकारण पोटात दुखू लागलं, तर 108 ला फोन करा आणि सर्पदंशावरची लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. गाडी तयार असेल तर वाट बघू नका. चावलेला भाग हलू देऊ नका. कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, सापामागे धावू नका. सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे, हे निघण्यापूर्वी शोधून कागदावर लिहा, कारण तिथे रेंज मिळेलच असं नाही.

प्रश्न : जेवण तिथेच करायचंय. शेगडी, बार्बेक्यू न्यावं का? (चेंबूर)

पहिल्या रात्री काहीही शिजवू नका. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी घरून न्या. दुसऱ्या रात्री गावात सांगून पिठलं-भाकरी. सकाळच्या चहा-मॅगीपुरती छोट्या डब्याच्या गॅसवरची शेगडी पुरते. घरचा सिलिंडर डिकीत टाकून नेऊ नका.

कोळशाची शेगडी न्यायला हरकत नाही, पण ती कधीही तंबूत नाही, गाडीतही नाही. विझत आलेली असली तरी नाही. थंडी वाजते म्हणून निखारे आत घेतात आणि झोपतात. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. फेब्रुवारीनंतर तर उघडी शेकोटीही टाळा, गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो.

प्रश्न : घाटात मुलीला हमखास उलटी होते. (नेरुळ)

पोट अगदी रिकामं नको आणि वडापावाने भरलेलंही नको. मागच्या सीटच्या मध्यभागी बसवा, समोरचा रस्ता दिसला पाहिजे. घाट सुरू होण्यापूर्वी मोबाइल काढून घ्या. आलेपाक काहींना लागू पडतो. गोळी द्यायची तर आधी डॉक्टरांना विचारून, आणि घाट लागण्याच्या बराच आधी. चालवणाऱ्याने वळणावर जोरात ब्रेक न मारणं हा अर्धा उपाय आहे, तो बहुधा बाबांनी करायचा असतो.

प्रश्न : फास्टॅगचा वार्षिक पास काढला आहे. तो सगळीकडे चालतो का? (ऐरोली)

नाही. तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांसाठी आहे, म्हणजे मुंबई-नाशिक महामार्गावर चालेल. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू यांना तो लागू नाही, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून टोलच नाही. तेव्हा जाताना कसारा आणि येताना समृद्धी असा बेत असेल तर परतीसाठी फास्टॅगमध्ये वेगळी शिल्लक टाकून ठेवा, आणि ती आदल्या रात्री घरीच टाका.