तुमचा प्रश्न: वळीव एकाच शिवारात का?

प्रश्न: दुपारी अंग भाजतं, चारला विजा. आमच्या शिवारात पाऊस, शेजारी कोरडं. असं का? (एक शेतकरी, जिंतूर)

उत्तर: दादा, पारा 42 अंशांवर गेला की जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर उठते. पण नुसत्या उन्हानं पाऊस येत नाही, समुद्राकडची वाफ लागते. ती असली की तासा-दोन तासांत ढग 12 किलोमीटरच्याही वर चढतो. रुंदीला मात्र तीन-चार कोसच, म्हणून शेजारी कोरडं.

माझी आई सकाळीच मिठाच्या बरणीत बोट घालायची. मीठ ओलसर लागलं की दुपारच्या आत कुरडयांचं वाळवण आवरायची.

कळकळीनं सांगतो, गडगडाट ऐकताच चिंचेखाली थांबू नका, बैलंही बांधू नका. मोबाईलवर ‘दामिनी’ ॲप घ्या, जवळपास वीज पडत असल्याची सूचना येते.