दिवस भरले होते, तरी धाप लागली

"मॅडम, दिवस तर पूर्ण भरले होते. मग माझ्याच बाळाला काचेत का ठेवलं?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न अनेक बाळंतिणींनी विचारलाय. त्यामागून येणारं वाक्यही ठरलेलं असतं, "माझंच काहीतरी चुकलं."

कागलकडची एक तरुण आई आली, तेव्हा बाळ दीड महिन्याचं होतं. अंगावर पीत होतं, वजनही वाढत होतं. ही मात्र रात्ररात्र त्याचे श्वास मोजत बसायची. जन्मल्यावर तासाभरात त्याला धाप लागली होती आणि तीन दिवस ऑक्सिजन द्यावा लागला होता. सातव्या महिन्यात आपण जोतिबाच्या पायऱ्या चढलो, त्याचंच हे फळ, असं तिनं मनात पक्कं केलं होतं.

चार भेटींत मी तिला सांगत राहिले, की पायऱ्यांचा याच्याशी संबंध नाही. इथं असताना पटायचं, घरी गेली की पुन्हा तेच. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. दुःखामागचा विचार सापडला की वाट सापडते, हा माझा अनुभव. इथं विचार सापडला होता, पण हलत नव्हता. मग मी तिची फाईल पुन्हा उघडली. बाळ पायाळू, म्हणून ठरवून सिझर. तेव्हा भरले होते 37 आठवडे आणि 4 दिवस.

"ही तारीख कुणी ठरवली?"

"आत्तींनी मुहूर्त काढला होता. डॉक्टर हो म्हणाले."

पुढच्या भेटीला सासूबाईंनाही बोलावलं. दोघींना सांगितलं, की पोटात बाळाच्या फुफ्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या, की बाळाच्या अंगात स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे ते शोषलं जातं. कळा न येताच सिझर झालं, तेही 39 आठवड्यांआधी, तर पाणी मागे राहायची शक्यता वाढते. मग बाळ भरभर श्वास घेतं. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत निवळतं.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्यामुळंच की वो."

सून लगेच म्हणाली, "आत्ती, तुमास्नी कुठं ठावं हुतं? कुणी सांगितलंच न्हाई."

तेव्हा मला उमगलं. पायऱ्यांचा दोष ती सोडत नव्हती, कारण तो सोडला तर बोट आत्तींकडे वळणार होतं. आणि त्याच घरात तिला नांदायचं होतं. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले. मी एवढंच म्हणाले, "आत्तींना जे म्हणालीस, ते तुलाही लागू आहे." ती बोलली नाही, पण पहिल्यांदाच मनसोक्त रडली. सासूबाईंनी बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं.

शक्यता वाढणं म्हणजे गुन्हा नव्हे. कारणं इतरही असतात: आईची साखर ताब्यात नसणं, पाणमोट फुटून फार वेळ जाणं, ताप येणं, बाळानं पोटात शी करणं, बाळंतपणात ते गुदमरणं. कधी कधी काहीच सापडत नाही. आपल्या हातात असतं ते करावं: साखरेची तपासणी चुकवू नये, पाणी जातंय असं वाटलं की त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि ठरवून सिझर असेल, तर "39 भरेपर्यंत थांबता येईल का?" असं आवर्जून विचारावं. बीपी वाढलंय किंवा बाळाची हालचाल कमी झालीय म्हणून डॉक्टर लवकर करू म्हणाले, तर मात्र थांबायचा हट्ट धरू नये.

श्वास मोजू नकोस, असं मी तिला सांगितलं नाही. कसे मोजायचे ते शिकवलं: बाळ शांत असताना, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत 60 किंवा जास्त, त्यानंतर 50 किंवा जास्त झाले, बरगड्या आत ओढल्या गेल्या, बाळ कण्हू लागलं, ओठ निळसर झाले किंवा पिणं सुटलं, तर लगेच दवाखाना. पंधरवड्यानं ती म्हणाली, "45 च्या वर कधी गेलंच न्हाई. परवा तर मोजायचं राहूनच गेलं."