आंदोलन केल्याने सरकार वादग्रस्त निर्णय खरंच मागे घेतं का?

घेतं. गोव्यात तरी अनेकदा घ्यावा लागलाय. कुठल्या जमिनीवर काय होऊ द्यायचं ते ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ हा ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झाला, लोकांनी गावोगावी नकाशे उघडून आपला डोंगर, आपलं शेत कुठल्या रंगात गेलंय ते बघितलं आणि जानेवारी 2007 मध्ये प्रतापसिंह राणे सरकारला तो रद्द करावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुख्यमंत्री दिगंबर कामतांनी सेझ, म्हणजे उद्योगांसाठीची विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द करत असल्याचं जाहीर केलं. सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून लोकांनी लाठ्या आणि अश्रुधूर सोसला, तेव्हा कुठे 15 जानेवारी 2021 ला मुख्यमंत्री सावंतांनी प्रकल्प तिथून हलवायचं ठरवलं.

पण माध्यम प्रश्नात, म्हणजे प्राथमिक शाळेत कुठल्या भाषेतून शिकवायचं या लढ्यात, आम्ही हरलो, आणि त्यावर मला बोलायचंय.

1990 मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक शाळांना अनुदान मातृभाषेतून शिकवलं तरच मिळेल असं ठरलं. 2011 मध्ये कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते देऊ केलं. आगडोंब उसळला. ताई आणि गोव्यातल्या संघाचे प्रमुख सुभाष वेलिंगकर सर यांचा भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, मराठीवाले आणि कोकणीवाले एका मांडवात बसले. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या वेळी हेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे होते; ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा ही केवढी गोष्ट होती. मी तेव्हा डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. पणजीला आझाद मैदानावर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या.

पुढच्या मे महिन्यात पहिलीच्या पटासाठी वाड्यावर फिरत होते. एका घरी अंगणभर भिरंडीची (कोकमाची) सोलं वाळत घातलेली. घरधनी मैदानावर माझ्या शेजारीच बसलेला, मंचाचा बिल्ला अजून देवळीत ठेवलेला. त्याने सरबत दिलं, आंदोलनाच्या गप्पा मारल्या आणि मग मान खाली घालून म्हणाला, ‘बाई, पोराचं नाव कॉन्व्हेंटमध्ये घातलंय. सगळेच घालतात.’ जूनमध्ये टाय लावलेलं ते पोर आमच्या शाळेच्या दारावरून व्हॅनने जायला लागलं. वाड्यावरची आणखीही पोरं त्याच व्हॅनमध्ये होती.

जमिनीच्या आंदोलनात असं होत नाही. दिवसा मोर्चाला जाऊन रात्री बिल्डरला शेत विकणारा गावात लपत नाही. इथे मात्र घरोघरी तेच चाललं होतं आणि कुणाला लाजही नव्हती. सरकारला हे कळत नसेल? विरोधात असताना मंचाच्या बाजूने उभे राहिलेले भाजपचे मनोहर पर्रीकर 2012 मध्ये सत्तेवर आले आणि चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच राहिलं. वेलिंगकर सरांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं, तर ऑगस्ट 2016 मध्ये त्यांना संघाच्या जबाबदारीतून काढलं. त्यांनी गोवा सुरक्षा मंच हा पक्ष काढून 2017 ची निवडणूक लढवली, पण मतं काही मिळाली नाहीत.

तेव्हा आंदोलनात उतरणार असाल तर आधी बघा, शेजारी बसलेल्याचं स्वतःचं काय पणाला लागलंय. आणि विरोधी पक्षाचा नेता व्यासपीठावर आला तर सत्तेत आल्यावर कुठल्या तारखेला काय करणार, ते सगळ्यांसमोर लेखी घ्या.

माझा थोरला भाऊ दर चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून मला ऐकवायचा, ‘तुझ्या हट्टापायी मुलींचं वाटोळं करशील.’ माझ्या दोन्ही मुली माझ्याच शाळेत चौथीपर्यंत मराठीतून शिकल्या. धाकटी आज फार्मसीत आहे, थोरली इंजिनिअर आहे, आणि दोघी इंग्रजी दादाच्या मुलांइतकंच बोलतात. दादा, हे वाचत असशील तर उत्तर दे, वाटोळं कुठे झालं?

आता एक सांगायला हवं. सगळ्या पालकांना मी दोषी धरत नाही. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतोय आणि पावसात छत गळतंय अशा सरकारी शाळेत मूल घाला म्हणताना माझीही जीभ अडखळायची. ती छतं दुरुस्त करून घ्यायला मैदानावर कुणीच बसलं नाही, आमच्या मंचानेही तो विषय म्हणावा तसा लावून धरला नाही.