अर्धवट सावलीत रानहळद जगेल का?

आंब्याखालच्या, फक्त सकाळचे ऊन मिळणाऱ्या वाफ्यात रानहळद जगेल का, असे आपण विचारले आहे. सह्याद्रीतल्या या बहुवर्षायू रानफुलाला अशीच जागा मानवते. गड्डे जंगलातून उकरून आणू नयेत, ही कळकळीची विनंती. ते रोपवाटिकेतूनच घ्यावेत आणि मेअखेरीस, पानांचे कुजलेले खत मिसळलेल्या, निचऱ्याच्या मातीत साधारण 2 इंच खोल लावावेत. पावसाळ्यात गुलाबी शेंड्याचा तुरा येतो आणि त्याच्या खालच्या हिरव्या खोबणींतून पिवळी फुले एकेक करून डोकावतात. पावसाळा सरल्यावर पाने पिवळी पडून झाड जमिनीवरून नाहीसे होते, तेव्हा ते मेले असे समजू नये. मात्र पाणी जवळजवळ बंद ठेवावे, कारण त्या काळातल्या ओलाव्याने गड्डे कुजतात.