'पिकअप'ला 'ओढ' म्हणावं का?

प्रश्न असा: 'गाडीला पिकअप नाही' आणि 'आंब्यासाठी पिकअप केली' यांतला शब्द एकच का? आणि त्याला 'ओढ' हा मराठी शब्द चालेल का?

शब्द एकच. इंग्रजीत वेग घेणं आणि माल उचलणं, दोन्हीला हेच क्रियापद. मालाच्या गाडीचं नाव तर चांगलंच जुनं आहे. फोर्डने १९२५ साली मॉडेल टी 'पिकअप बॉडी'सकट विकायला काढली होती. आपण मात्र लिंगाने दोन अर्थ वेगळे ठेवले: गाडी ती, वेग तो. 'त्या पिकअपचा पिकअप गेलाय' हे वाक्य गॅरेजमध्ये कुणाला अडत नाही.

'ओढ'बद्दल मात्र माझा स्पष्ट नकार आहे, आणि त्याला कारण आहे एक इंजिन. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा बी-२७५ हा मूळचा इंग्लंडचा ट्रॅक्टर. महिंद्राने १९६३मध्ये या कंपनीशी भागीदारी केली आणि तो इथे बनू लागला. त्याचं चार सिलिंडरचं, साधारण २,३५० सीसीचं डिझेल इंजिन पुढे महिंद्राच्या जीपमध्येही बसलं. एमडी २३५० ते हेच.

आता ट्रॅक्टरला काय लागतं पाहा. नांगर कडक ढेकळात रुतला तरी इंजिन दबता कामा नये. म्हणून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनसोबत फिरणारं चाक, जड, फेरे कमी, आणि लोड वाढला की गव्हर्नर आपोआप डिझेल वाढवतो. पण जे जड चाक फेरे पडू देत नाही, ते फेरे झटकन चढूही देत नाही. त्यामुळे असं इंजिन जीपमध्ये आलं की भरल्या ट्रेलरसकट चढ चढेल, पण सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना जीव खाईल. म्हणजे ओढ भरपूर, पिकअप नाही! दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात अशा समोरासमोर येतात, तेव्हा एक दुसरीचा प्रतिशब्द कसा होईल?

'ओढ' हा शब्द खरं तर टॉर्कला, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराला, द्यावा. 'आघूर्ण' हा त्याचा पुस्तकी शब्द परीक्षेत लिहायला ठीक आहे, पण खिल्लार बैल ओढकामाला चांगला असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय, आणि बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला तेव्हा शब्दही जुवावरून सरळ बॉनेटखाली गेला. इतका चपखल शब्द दुसऱ्या कामाला जुंपून वाया घालवू नये.

मग पिकअपला काय? 'उचल' सुचते, पण नगर-बीडकडे 'उचल घेतली' म्हटलं की ऊसतोडीची आगाऊ रक्कमच आठवते. नाम अडतं, क्रियापद अडत नाही. 'गाडी उचलत नाही' असं मिस्त्री रोज म्हणतात. मी तेच वापरतो, आणि नामच हवं असेल तिथे बिनदिक्कत 'पिकअप' लिहितो.