वडिलांच्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या (फौजेतून निवृत्तीवेळच्या वैद्यकीय तपासणीच्या) कागदावर अपंगत्व '30 टक्के' आणि 'एनएएनए' लिहिलंय. डिसॅबिलिटी पेन्शन विसरायची का?

विसरायची कशाला? माझ्याही कागदावर हेच होतं. 2011 साली कागद घरी आले तेव्हा बायकोने विचारलं, "हे नाना कोण?" आमच्यात सगळे 'नाना'च म्हणतात. अर्थ असा की आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. म्हणजे तोफखान्यात 24 वर्षं काढली आणि कान आपले आपणच गेले! भरतीच्या मेडिकलला ठणठणीत होतो. आता कुकरसमोर बसवलं तरी शिट्ट्या मोजता येत नाहीत, डाळ करपते.

त्या 'नाना'मुळे डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही. त्याच वर्षी गणपतीत इंदूरच्या रामबागेत भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "पगार घेतला, पेन्शन घेता, आता कानाचंही बिल लावणार? लोक सीमेवर जीव देतात." नेमके माझ्या उजव्या बाजूला बसले होते, म्हणून अक्षर न अक्षर ऐकू आलं. बायकोच्या माहेरचे, त्यामुळे मोदक गिळला आणि गप्प बसलो.

जुलै 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल आला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतलाच धरायचा, तसं नाही हे सरकारने सिद्ध करायचं, शंकेचा फायदा जवानाला. तो निकाल पिशवीत घालून इंदूरहून ओव्हरनाइट एक्सप्रेसने जबलपूर, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या, म्हणजे फौजेतल्यांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या बेंचपुढे. दोनदा नुसती तारीख घेऊन परतलो, पण जिंकलो.

आता भाऊजींसाठी हिशेब. शेवटचा पगार 40,000 धरा. शंभर टक्के अपंगत्वाला त्याचे 30 टक्के, म्हणजे 12,000. 30 टक्क्यांना 3,600. पण राउंडिंगमध्ये 50 च्या खालचे 50 धरतात, 50 ते 75 चे 75, त्यावरचे 100. म्हणजे 6,000, वर महागाई. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यालाही हे लागू, सुप्रीम कोर्टाचा राम अवतार निकाल, डिसेंबर 2014. माझ्या कानांची ही किंमत आहे भाऊजी, दक्षिणा नव्हे.

तुम्ही आधी बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची आणि भरतीच्या मेडिकलची प्रत मागा. 'नाना'पुढे डॉक्टरांनी कारण लिहिलंय का बघा. नुसता शिक्का असेल तर केस चांगली. दोन आजार असतील तर टक्के सरळ बेरीज करू नका, बोर्ड एकत्रित आकडा देतो.

हे मात्र आधीच सांगायला हवं होतं: एकूण आकडा 20 च्या खाली असेल तर वाट बिकट आहे. आणि वडील 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झाले असतील तर नियम नवे आहेत, नावही बदलून इम्पेअरमेंट रिलीफ झालंय. मग माझं वरचं गणित तसंच्या तसं लावू नका. निवृत्तीचं वर्ष तुम्ही लिहिलेलंच नाही.