गेम खेळताना संगणक अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तर ग्राफिक्स कार्ड बदलावे का?

आपण परभणीहून लिहिले आहे की रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबतच मिळालेला ५०० वॉटचा पॉवर सप्लाय असलेला आपला संगणक इतर कामांना दिवसभर व्यवस्थित चालतो. मात्र मोठा गेम सुरू केला की काही मिनिटांत, निळा स्क्रीन किंवा कोणतीही सूचना न देता, एकदम बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. दुकानदारांच्या मते कार्ड खराब आहे आणि नवे घ्यावे लागेल. माझे स्पष्ट मत असे की कार्डासाठी आत्ता एक रुपयाही खर्च करू नये. आपण सांगितलेल्या लक्षणांत पहिली शंका पॉवर सप्लायवर, त्यानंतर घरातील विजेवर आणि उष्णतेवर घ्यावी लागते. कार्डाचा क्रमांक बराच नंतर लागतो. मी लातूरला राहतो, ओळखीच्या मंडळींचे संगणक जुळवून आणि दुरुस्त करून देतो, आणि आपल्या भागात सगळे लक्ष कार्डाकडे जाऊन पॉवर सप्लाय मात्र ‘कॅबिनेटमध्ये आलाच आहे’ म्हणून स्वीकारला जातो, हे मला सतत दिसते.

थोडे गणित करून पाहू. आरटीएक्स ३०६० ची ठरलेली कमाल गरज १७० वॉटची आहे आणि ५६०० प्रोसेसर पूर्ण भारावर साधारण ७६ वॉटपर्यंत जातो. या दोघांची मिळून सुमारे २४६ वॉटची गरज जवळपास पूर्णपणे १२ व्होल्टच्या लाइनमधून भागवली जाते. आता कॅबिनेटची बाजू उघडून पॉवर सप्लायवरचे लेबल वाचा. तिथे +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि त्या आकड्याला १२ ने गुणा. समजा तिथे १८ अँपिअर असतील, तर ती लाइन फक्त २१६ वॉट देऊ शकते, मग डब्यावर मोठ्या अक्षरांत ५०० छापलेले असो. शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणार्धापुरती आपल्या ठरलेल्या मर्यादेच्या बरीच वर उसळी घेते. चांगला सप्लाय ती उसळी पेलतो. हलका सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो किंवा त्याचा व्होल्टेज इतका खाली येतो की मदरबोर्ड रीसेट होतो. एनव्हिडिया स्वतः या कार्डासाठी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते, तो याच कारणाने.

याची खात्री करून घेण्यासाठी एक चाचणी फुकटात होते. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम घ्या, त्यात कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेममध्ये फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ६० वर बांधा आणि नेहमीइतका वेळ खेळून पाहा. एवढ्याने संगणक बंद पडणे थांबले, तर पॉवर सप्लायवरचा संशय जवळजवळ पक्का होतो. त्याबरोबरच तापमान दाखवणारा एचडब्ल्यू इन्फो हा प्रोग्राम सुरू ठेवून त्याची नोंद फाइलमध्ये साठवण्याची सोय चालू करा. संगणक बंद पडल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ वाचली की त्या क्षणी प्रोसेसर आणि कार्ड किती तापले होते हे कळते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आपल्याला ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद नक्की सापडेल, पण तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. संगणक रीतसर बंद न होता थांबला, एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल, तर विंडोजला चूक नोंदवण्याइतकीही उसंत मिळाली नाही असा अर्थ घेता येतो, आणि तो विजेकडेच बोट दाखवतो. ‘व्हिया लॉगर’ (WHEA-Logger) या नावाच्या, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी दिसल्या तर मात्र प्रोसेसर किंवा रॅमकडे वळावे लागेल. त्या वेळी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमचे एक्सएमपी, म्हणजे तिचा वाढीव वेग, बंद करून पाहा आणि मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा.

एक सूचना कळकळीने करतो. चाचणीसाठी मित्राचा पॉवर सप्लाय आणलात, तर त्याच्या केबलही त्याच्यासोबतच आणा. मोड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणाऱ्या, सप्लायच्या केबलचे टोक दुसऱ्या सप्लायमध्ये सहज बसते, पण आतील पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि त्या एका चुकीने हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड क्षणात जळू शकतो.

आता विजेबद्दल, कारण परदेशातील परीक्षणे पाहून सुटे भाग निवडणाऱ्यांना ही बाजू कुणी सांगत नाही. आपल्याकडे डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेतीपंपांचा भार आला की गावात आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत व्होल्टेज २३० वरून बरेच खाली येते. सप्लायच्या लेबलवर इनपुट ‘१०० ते २४०’ असेल तर तो हे सहन करतो. ‘२०० ते २४०’ असेल किंवा मागे लाल स्विच असेल, तर कमी व्होल्टेजला तो डगमगणारच. यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांतला फरक ध्यानात ठेवा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो, म्हणजे मॉनिटर धरून आपल्या संगणकाला तो अगदी काठावर पुरेल. १००० व्हीएच्या पुढचा घ्यावा. घरातील इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचा असावा आणि त्याचा स्विच यूपीएस मोडवर असावा. नाहीतर लाइट जाण्या-येण्याच्या बदलास लागणारा वेळ संगणकाच्या सप्लायला झेपत नाही.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, हेही पाहा. सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, आणि अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब येतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला फार इजा होत नाही, पण टीव्हीला एचडीएमआय केबल जोडताना पोर्ट मात्र जाऊ शकतात. आपल्या काळ्या मातीचा इथे थेट संबंध आहे: उन्हाळ्यात ती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या सळईला किंवा पट्टीला सोडते आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर नियमित पाणी घाला आणि वायरमनकडून फेज व अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्या. ते फेज-न्यूट्रलच्या जवळपास असायला हवे. अर्थिंग नसल्यामुळेच आपला संगणक बंद पडतो असा माझा दावा नाही, पण ते नसताना स्पाइक गार्डवर केलेला खर्च बराचसा वाया जातो.

उष्णतेचा विचार थोडक्यात पुरेल. परीक्षणांत दिलेले तापमान बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीतले असते. परभणीच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, म्हणून त्या आकड्यांत पंधरा-वीस अंश मिळवून वाचा. ५६०० ची मर्यादा ९० अंश आणि ३०६० ची ९३ अंश आहे; तिथे पोहोचल्यावर दोघेही आधी आपला वेग कमी करतात, त्यामुळे गेम अडखळू लागतो. न अडखळता थेट अंधार होत असेल तर कारण सहसा उष्णता नसते. अपवाद पॉवर सप्लायचा, कारण स्वस्त सप्लायची क्षमता थंड खोलीत मोजलेली असते. पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटसमोर लावू नका. बोअरच्या जड पाण्याचे बारीक थेंब आत जाऊन क्षाराचा थर धरतात.

खरेदीच करायची झाली तर ६५० वॉटचा, ५० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेची हमी देणारा आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी असलेला पॉवर सप्लाय घ्या. ८० प्लसचा शिक्का विजेची किती बचत होते ते सांगतो. सुरक्षेची खात्री तो देत नाही, म्हणून वॉरंटीला मी जास्त महत्त्व देतो. पैसे उरले तर समोर काचेऐवजी जाळी आणि काढून धुता येणारा फिल्टर असलेले कॅबिनेट घ्या. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावणे, रंगीत दिव्यांच्या पंख्यांपेक्षा कितीतरी फायद्याचे आहे.

चांगल्या सप्लायवरही तोच त्रास राहिला, किंवा पंखे फिरत असताना फक्त स्क्रीन काळा होऊ लागला, चित्रावर ठिपके-पट्टे दिसू लागले, तर कार्डाची शंका रास्त ठरेल. तेव्हाही आधी ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका, कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा घट्ट बसवा आणि दुसऱ्याच्या संगणकावर लावून तपासा. तिथेही दोष दिसला, तर बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर घेऊन आधी वॉरंटीत बदलून मागा.